वन्संचा जिराफ

आमच्या वन्संना कविता आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळ्या गल्लीचा समज नेमका उलटा आहे. गल्लीत त्यांना 'कवितावाल्या बाई' म्हणतात. दारावर पाटी आहे, पाटीवर उघडं पुस्तक काढलंय आणि पुस्तकातून एक फुलपाखरू उडतंय. आईबाप ते फुलपाखरू बघतात आणि पोराला आत सोडून जातात. आत काय चालतं ते एकदा खिडकीतून डोकावून बघितलं असतं, तर पोराला काखोटीला मारून पळाले असते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. उंच, ताठ, आणि बोलताना हात कायम हवेत. 'थोडासाच चहा दे' म्हणायचं तर आधी हवेत कप धरतील, मग 'थोडासाच'ची चिमूट दाखवतील, आणि मग पेलाभर पितील. फोनवर बोलतानाही समोर कोणी नसताना हातवारे चालूच. एकदा रस्त्यात कुणाला तरी पत्ता सांगत होत्या, तर मागून येणारा सायकलवाला थांबला, त्याला वाटलं रस्ता बंद आहे, आणि बिचारा उलटा वळून गेला. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, इथं पाणी कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक कप आहे. चहाचा नव्हे, बक्षिसाचा. वन्संनी शाळेत असताना हातवारे करून कविता म्हटली आणि तो मिळवला. माझ्या सासऱ्यांनी त्याच्यासाठी बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट करून घेतलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनी मला आधी कपाची ओळख करून दिली आणि नवऱ्याची नंतर. 'आमच्या मुलीचा आवाज!' म्हणायचे आणि डोळे पुसायचे. त्यानंतर त्या मुलीला आयुष्यात दुसरा कप मिळाला नाही. शाळेत लागल्या त्या बदलीवर. कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की वन्सं कामावर, ती परत आली की वन्सं घरी. कायम कधी झाल्याच नाहीत. लग्न झालं. त्यांचे यजमान भला माणूस, क्लासच्या वेळेला गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसतो, पाऊस असला तरी. मी एकदा विचारलं, 'आत का नाही बसत?' तर म्हणाले, 'आत बसलो की मलाही हात हलवावेत असं वाटायला लागतं.'

तर क्लास. समोरच्या खोलीतलं सामान भिंतीला लावायचं आणि पोरांच्या रांगा करायच्या. वन्संचा मंत्र एकच: एक शब्द, एक हात. चंद्र म्हटलं की दोन्ही हात डोक्यावर गोल. फूल म्हटलं की पाची बोटं जुळवून उघडायची. आई म्हटलं की गालाला हात. वारा म्हटलं की झुलायचं. कविता आनंदाची असो की कुणाचं मांजर हरवल्याची, चंद्र तोच, फूल तेच आणि झुलणंही तेच. अहो, त्यांच्याकडे 'आणि'ला सुद्धा खूण आहे! दोन तर्जन्या एकमेकींना लावायच्या. वाढदिवसाला जमलेल्या पोरांमध्ये वन्संच्या क्लासची कुठली ते लगेच ओळखू येतं. 'मला केक आणि वेफर्स' म्हणताना त्यांच्या तर्जन्या आपोआप जुळतात.

त्यावर वरताण म्हणजे मुका सराव. कविता शिकवायला घेतली की आधी नुसते हात. आवाज बंद. ओठ हलले तरी वन्सं टिचकी मारायच्या. 'आवाज म्हणजे मीठ,' त्या म्हणायच्या, 'मीठ शेवटी घालायचं.' म्हणून पोरं कित्येक आठवडे मिठाशिवाय शिजत असायची. स्पर्धा जवळ आली की मग मीठ. आणि तेही मनाला येईल तेव्हा नाही. स्टेजवर घंटा वाजली की हात सुरू करायचे, पण आवाज काढायचा तो पहिल्या रांगेत बसलेल्या वन्संनी रुमाल वर केल्यावर. का, तर परीक्षकांची तोंडं कागदातून वर आलेली नसतात, पहिली ओळ वाया जाते, ती जाऊ नये. घाबरलात, विसरलात, आभाळ कोसळलं, तरी हात थांबवायचे नाहीत आणि रुमालाशिवाय तोंड उघडायचं नाही. मी म्हटलं, 'वन्सं, हे कविता म्हणणं आहे की रेल्वेचा सिग्नल?' त्यावर त्यांनी मला नुसता हातानंच 'तुला काय कळतंय' असं म्हणून दाखवलं.

खरं तर मला चांगलं कळत होतं. आमची लाँड्री आहे. लॉजच्या, दवाखान्यांच्या चादरी येतात. मागच्या बाजूला मोठं मशीन, पुढे इस्त्रीचं टेबल आणि गल्ला, मधे चादरींच्या घड्या करायला मोकळी जागा. आमचे हे इस्त्री करतात, मी धुलाई बघते, आणि घड्या घालायला एक मावशी येतात. आमची मुलगी शाळेतून थेट तिथंच येते. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसेल तर शपथ.

एकदा एका लॉजच्या चादरींच्या गाठोड्यात लहान मुलांच्या कवितांचं पुस्तक आलं. कुणी पाहुणा विसरला असेल. लॉजवाल्याला विचारलं, तो म्हणाला, 'ठेवा तुम्हालाच.' भिंगरीनं ते उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. मोठ्यानं म्हणजे मशीनच्या वर. आमच्याकडे हळू बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही, त्यामुळे पोरगी गळ्याच्या शिरा ताणून कविता ओरडायची. घोगरा आवाज, नाकातून येणारा. ओळीच्या मधेच श्वास संपायचा. सगळ्यात लाडकी होती ती जिराफाची:

जिराफाचा बसला घसा,
गुळण्या करू तरी कशा?
पाणी गेलं सकाळी खाली,
वर यायला संध्याकाळ झाली!
माकड म्हणालं, 'मफलर घाल',
विणता विणता सरलं साल.
अस्वल म्हणालं, 'आ कर बघू',
शिडी लावून लागलं चढू.
आत मुंगी झोपली होती,
म्हणे, 'दार लावा, वारा किती!'

शेवटची ओळ यायच्या आधीच तिला हसू फुटायचं. मग वाक्य अर्धवट राहायचं, मग 'थांबा थांबा, परत पहिल्यापासून'. मावशी चादर धरून उभ्या राहायच्या, मुंगी आल्याशिवाय घडी घालायच्या नाहीत. आमचे हे, ज्यांना वर्तमानपत्रात बाजारभावापलीकडे काही वाचता येतं असं मला वाटत नव्हतं, ते इस्त्री उचलून धरायचे. गिऱ्हाईक आत आलं आणि दार उघडं ठेवलं, की आतून ही किंचाळायची, 'दार लावा, वारा किती!' एक लॉजचा मॅनेजर होता, कायम एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. त्यानं मुकाट्यानं दार लावलं आणि मग बिल घेताना मला हळूच विचारलं, 'ते कोण बोलतं कवितेत? मुंगी ना?' मीही शाळेत कविता पाठ केल्या होत्या, चांगल्या बारावीपर्यंत, पण त्या मार्कांपुरत्या. कविता मोठ्यानं वाचून पोट धरून हसता येतं, हे मला त्या पोरीनं दाखवलं.

आणि तेवढ्यात आमच्या वन्संच्या पोटात दुखायला लागलं. झालं काय, त्यांच्या समोरच्याच इमारतीत एका तरुण मुलीनं क्लास काढला. तोही कवितांचाच. तिच्याकडे रंगीत दिवे होते, स्पीकर होता, मुलांना टोप्या मिळायच्या. वन्सं तिचं नाव घेत नाहीत, 'समोरची' म्हणतात. पोरं एकेक करून रस्ता ओलांडून समोरचीकडे जायला लागली. वन्संना स्पर्धेत पहिला नंबर हवा होता, तोही लगेच. त्या लाँड्रीत आल्या, भिंगरीचा जिराफ (तो त्यांच्या क्लासातही वर्षानुवर्षं चालायचा) उभ्या उभ्या ऐकला, अजिबात हसल्या नाहीत आणि म्हणाल्या, 'आवाज आहे. पण हात मेलेले आहेत.'

'हात नका जिवंत करू तिचे,' मी म्हटलं. 'ती मजेनं म्हणते, म्हणू द्या.'

'मजेनं म्हणून कुणाला नंबर मिळालाय?'

आमचे हे लगेच पुढे. 'ताई एवढं म्हणतेय तर जाऊ दे ना. शिकेल चार गोष्टी.' बहिणीसमोर या माणसाचा कणा कुठं जातो देव जाणे. मी एकीकडे, भाऊ-बहीण दुसरीकडे, आणि भिंगरीला आत्याच्या घरची गॅलरी आवडायची. गेली पोरगी.

पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन हातवारे करून दाखवायची, आम्ही हसायचो. जिराफ म्हणजे एक हात सरळ वर आणि मनगट वाकवलेलं. मुंगी म्हणजे करंगळीचं टोक. मग हळूहळू लाँड्रीतलं ओरडणं बंद झालं. पुस्तक गल्ल्याखाली पडून राहिलं. मावशींनी विचारलं, 'का गं, आज जिराफ नाही?' तर भिंगरीनं मान हलवली आणि हवेत अख्खी कविता केली, एक शब्द न काढता. मावशींना काही कळेना. त्या म्हणाल्या, 'अगं, माशा हाकलतेस की काय?' पोरगी हसली नाही. मी वन्संना जाऊन सांगितलं, 'तिचा आवाज परत द्या.' त्या म्हणाल्या, 'मीठ शेवटी.'

स्पर्धेच्या दिवशी हॉल खचाखच भरलेला. मी मागे दाराशी उभी होते, आमचे हे माझ्या शेजारी. परीक्षक तिघं. एक कुठल्याशा शाळेचे मुख्याध्यापक, एक बाई ज्यांना दर कार्यक्रमात नारळासारखं पुढे ठेवतात, आणि एक म्हातारे गृहस्थ कानात यंत्र घातलेले. वासरात लंगडी गाय शहाणी, यापलीकडे त्यांची काय लायकी होती ते शोधून सापडेना. वन्सं पहिल्या रांगेत. आणि तिथं त्यांनी जे केलं ते फक्त आमच्या वन्संच करू शकतात. मुख्याध्यापकांची बायको यायची होती. तिच्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवायला वन्संनी तिच्यावर काय टाकावं? रुमाल! खुणेचा रुमाल! ती बाई आली, सगळ्यांना हसून नमस्कार केला, आणि त्या रुमालावर ऐसपैस बसली.

भिंगरीचं नाव पुकारलं. घंटा वाजली. पोरीनं जिराफाचा हात वर केला आणि पहिल्या रांगेकडे बघितलं. वन्संचा हात मांडीवरून उठला, रिकामा. शेजारी चाचपला. मुख्याध्यापकांच्या बायकोनं चमकून बघितलं. वन्सं 'जरा उठता का' म्हणायला वाकल्या, ती बाई ते स्वागत समजून गोड हसली आणि आणखी टेकून बसली. स्टेजवर माझी पोरगी हात थांबवत नव्हती. शिकवलंच होतं तसं. घसा धरला, गुळण्या केल्या, पाणी खाली गेलं, वर आलं, मफलर विणलं, शिडी चढली. डोळे सारखे पहिल्या रांगेत, रुमाल शोधत. तोंड घट्ट मिटलेलं. मुंगी झाली, दार लागलं, वारा झुलला. मग वाकून नमस्कार.

माइकवाला धावत जाऊन वायर ओढायला लागला, त्याला वाटलं त्याचंच मशीन गेलं. म्हाताऱ्या परीक्षकांनी कानातलं यंत्र काढून तळहातावर आपटलं. मुख्याध्यापकांनी शेजारच्या परीक्षक बाईंकडे बघितलं, बाईंनी मुख्याध्यापकांकडे. आपल्याला एकट्यालाच ऐकू आलं नाही असं प्रत्येकाला वाटलं, आणि ते कबूल करायची एकाचीही हिंमत नव्हती. मग बाईंनी मोठ्या रसिकपणे मान डोलावली आणि टाळ्या सुरू केल्या. झालं! मेंढरं कशी एकामागोमाग उडी मारतात, तसा सगळा हॉल टाळ्या पिटायला लागला.

माझ्या तोंडाशी आलं होतं, 'अहो, ती बोललीच नाही!' पण आमच्या यांनी माझं मनगट धरलं. 'गप्प बस. नंबर येतोय.'

आणि आला की! पहिला! मुख्याध्यापकांनी माइकवरून निकाल वाचला: 'शब्दोच्चार अत्यंत स्पष्ट, आवाजाची फेक उत्तम.' मी त्या माणसाकडे नीट बघून घेतलं. अशा माणसांच्या हाती शाळा असतात. वन्संनी कप घेतला, स्वतःच्याच हातानं, आणि हॉलमध्ये बसलेल्या समोरचीला दिसेल असा उंच धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

कप लाँड्रीत गल्ल्यावर आला. आमचे हे रोज त्याला इस्त्रीच्या फडक्यानं पुसायचे. कोल्हा काकडीला राजी! गिऱ्हाईक म्हणायचं, 'अरे वा, म्हणून दाखव की!' आणि भिंगरी स्टुलावर उभी राहून मुकी कविता करायची. गिऱ्हाईकं टाळ्या वाजवायची, चादरी घ्यायची आणि जायची. दार उघडं टाकून जायची. कुणी ओरडत नव्हतं.

एकदा दुकानात आम्ही दोघीच असताना मी म्हटलं, 'भिंगरे, मला नुसती ऐकव ना. हात नको. ओरडून, पहिल्यासारखी.'

तिनं इकडेतिकडे बघितलं. 'रुमाल कुठाय?'

लाँड्रीत रुमालांना काय तोटा? मी ढिगातला एक उचलून वर धरला. पोरगी ताठ उभी राहिली, हनुवटी वर केली आणि एका बारीक, गोड, कुणाच्या तरी आवाजात म्हणाली, 'ज्जिराफाच्चा बस्सला घस्सा.' मी रुमाल खाली टाकला. म्हटलं, राहू दे. त्या क्षणी वन्सं समोर असत्या तर त्यांना मी मशीनमध्ये घालून पिळलं असतं, आणि हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही.

वन्सं आल्या त्या पुढच्या आठवड्यात, भर दुपारी. नेमक्या त्या दिवशी मावशींना ताप होता, हे उधारीच्या तगाद्याला गेले होते, लॉजची गाडी यायची होती, आणि चादरींचा डोंगर माझ्यापुढे. चादरीची घडी एकट्यानं होत नाही. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, मग जवळ यायचं.

'वन्सं, जरा टोकं धरा,' मी म्हटलं आणि त्यांच्या हातात दिली सुद्धा. भिंगरी स्टुलावर बसून गणितं करत होती.

वन्संनी नाइलाजानं चादर धरली. 'आता मोठ्या स्पर्धेला नेते हिला,' त्या म्हणाल्या. 'आणि या वेळी आवाज घालायचाच नाही. मुद्दामच नाही. परीक्षकांना मुकंच आवडतंय. मी तर म्हणते, पुढं सगळ्या मुलांना असंच शिकवावं. समोरची बसेल बघत!'

म्हणजे मीठ शेवटीही नाही. मीठच नाही. भिंगरीनं वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. मला ओरडायचं होतं, पण ओरडून या बाईवर कधी काही परिणाम झालाय? मी चादर ताणली.

'बरं,' मी म्हटलं. 'पण ते शब्द तरी काय आहेत हो? मी विसरलेच. म्हणा बघू.'

'त्यात काय! इतकी वर्षं शिकवतेय ती कविता. जिराफाचा...' उजवा हात वर गेला, चादर त्याच्याबरोबर गेली. मी खाली ओढली. 'अगं, सोड जरा.'

'सोडली तर जमिनीला लागेल, वन्सं. धुतलेली आहे. तुम्ही म्हणा ना.'

'जिराफाचा बसला घसा. गुळण्या... गुळण्या करू...' मूठ गळ्याकडे निघाली, चादरीनं अडवली. 'गुळण्या करू तरी कशा. मग पाणी. पाणी असं जातं ना खाली...'

'कसं?'

'असं! हातानं! आणि मग वर... अगं, हात बांधून ठेवलेस तर आठवणार कसं?'

खांदे उचलत होत्या, कोपर हलवत होत्या, बोटं चादरीच्या आत वळवळत होती. आणि ओळ येईना. सगळी कविता त्यांच्या मनगटाच्या पुढे होती, मागे काहीच नव्हतं. कीव आली म्हणाले असते तर बरं दिसलं असतं, पण मला हसू येत होतं आणि मी ते दाबत होते.

'माकड म्हणालं,' वन्सं घामाघूम होऊन म्हणाल्या, 'माकड म्हणालं... मफलर काढ...'

'काढ नाही गं, आत्या!' स्टुलावरून आवाज आला. 'घाल! मफलर घाल!'

घोगरा. नाकातला. मशीनच्या वर.

मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती थांबली असती. मी चादर तेवढी धरून ठेवली.

'मफलर घाल,' वन्सं म्हणाल्या. 'आणि पुढं?'

'विणता विणता सरलं साल!' भिंगरी स्टुलावरून उतरून आमच्या मधे आली, चादरीच्या खालून डोकं काढून. तिचे हात पाठीमागे होते. कुणाच्या रुमालाकडे ती बघत नव्हती, आत्याच्या तोंडाकडे बघत होती, कारण इतकी सोपी कविता एखाद्याला येत नाही हे तिला खरंच वाटत नव्हतं. 'अस्वल म्हणालं, आ कर बघू, शिडी लावून लागलं चढू! आत मुंगी झोपली होती...' आणि तिला फुटलं हसू. झालं, अडकली. 'थांब थांब, आत्या, आत मुंगी... झोपली...'

'आत म्हणजे?' वन्संनी विचारलं. 'कुठं आत?'

'अगं, घशात!'

'कुणाच्या?'

'जिराफाच्या! अस्वल आत बघतं ना, तर मुंगी झोपलेली असते, आणि ती म्हणते, दार लावा, वारा किती! जिराफानं तोंड उघडं ठेवलंय ना, म्हणून!'

वन्संची करंगळी चादरीच्या आत उठली. करंगळीच्या टोकानं मुंगी, दोन तळव्यांनी दार, झुलून वारा, हे त्यांनी किती पोरांकडून करून घेतलं असेल. एक शब्द, एक हात. शब्द एकमेकांना कधी लागलेच नव्हते.

'म्हणजे तोंड हे दार?' त्या हळू म्हणाल्या. 'ती मुंगी जिराफालाच सांगते, तोंड मीट म्हणून?'

'हो!'

'अगं बाई!'

आणि आमच्या वन्सं हसल्या. मी या घरात आल्यापासून त्यांना हसताना पाहिलंय, फोटोपुरतं, पाहुण्यांपुरतं. हे तसलं नव्हतं. हे पोटातून, घशात अडकत, डोळ्यांतून पाणी काढत आलं, आणि ते पुसायला म्हणून त्यांनी चादर सोडली. धुतलेली, कडक चादर गेली जमिनीवर. इतकी वर्षं ती कविता शिकवून या बाईला आज, लाँड्रीत, सात वर्षांच्या पोरीकडून कळलं की त्यात विनोद आहे! मी कपाळावर हात मारला. भिंगरी तर जमिनीवर बसून लोळत होती.

'आत्या, परत पहिल्यापासून म्हणू?' ती ओरडली.

वन्सं वाकल्या. चादर उचलली, दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली आणि हात पोटाशी आवळून घेतले.

'म्हण,' त्या म्हणाल्या. 'मी हात नाही हलवत.'